दाह विझतो कसा?

मधल्या सुट्टीत मैदानावर पडून गुडघा फोडून घेणारा विद्यार्थी कोणत्याही शाळेत भेटतो. खरचटलेली जागा थोड्या वेळात लाल होते, गरम लागते, सुजते आणि ठणकते. ही चार लक्षणे रोमन लेखक सेल्सस याने इसवी सनाच्या पहिल्या शतकातच नोंदवून ठेवली आहेत. या साऱ्या प्रकाराला आपण दाह म्हणतो. रोगजंतू आत शिरले की रक्तवाहिन्या रुंदावतात, पांढऱ्या पेशी धावून येतात, जंतूंचा नाश होतो, इतके आपण वर्गात सांगतोही.

पण पुढे सूज उतरते ती कशी? हा प्रश्न आपण सहसा विचारत नाही आणि विद्यार्थीही विचारत नाहीत. जंतू मेले, काम संपले, म्हणून दाह आपोआप ओसरला अशी आपली समजूत असते. जळण संपले की चूल विझते, तसेच काहीसे. ही समजूत अर्धीच खरी आहे. दाह नुसता विझत नाही, तो विझवावाही लागतो. पेशींमध्ये त्यासाठी वेगळी यंत्रणा असते आणि ती बिघडली तर बाहेरचा शत्रू नसतानाही शरीर आतून जळत राहते. ही यंत्रणा कशी उलगडत गेली, तिचा इतिहास आम्ही या लेखात सांगणार आहोत. या इतिहासात एक अतिशय सुरेख उत्तर मिळाले आणि पुढे ते अपुरे ठरले, म्हणूनही तो शिक्षकांनी वाचण्यासारखा आहे.

सर्वत्र आढळणारे प्रथिन

गोष्टीची सुरुवात दाहापासून फार दूर होते. पेशीतली प्रथिने सतत तयार होतात आणि सतत मोडलीही जातात. प्रथिने घडवायला ऊर्जा लागते यात नवल नाही. पण ती मोडायलाही ऊर्जा लागते, असे १९५३ साली यकृताच्या कापांवरील प्रयोगांत दिसले होते. पोटातले अन्न पचताना प्रथिने ऊर्जा न खर्चताच मोडतात. मग पेशीच्या आतच ऊर्जा कशासाठी? हे कोडे पंचवीस वर्षे तसेच पडून होते.

इस्रायलमधील हैफा येथील टेक्निऑन संस्थेत अव्राम हर्श्को आणि त्यांचे विद्यार्थी आरोन चेखानोव्हर यांनी ते हाती घेतले. त्यांना साथ होती अमेरिकेतील फिलाडेल्फियाच्या अर्विन रोझ यांची. सशाच्या अपक्व तांबड्या रक्तपेशींचा अर्क काढून त्यांनी त्याचे दोन भाग केले. कोणताही एक भाग एकटा काम करीत नसे. दोन्ही एकत्र केले की प्रथिने मोडू लागत. पहिल्या भागात उष्णतेने न बिघडणारे एक छोटे प्रथिन होते. १९८० साली असे दिसले की हे छोटे प्रथिन मोडायच्या प्रथिनाला रासायनिक बंधाने जोडले जाते, तेही एक नव्हे, अनेक. जंगलात तोडायच्या झाडावर आधी खूण करतात, तशी ही खूण. ऊर्जा लागते ती खूण करण्यासाठी. खूण झालेले प्रथिन मग प्रोटिअसोम नावाच्या पिंपासारख्या यंत्रात जाऊन तुकडे होते.

ही खूण म्हणजे युबिक्विटिन हे त्याच वर्षी ओळखू आले. गिडियन गोल्डस्टाइन आणि सहकाऱ्यांनी ते १९७५ साली वासराच्या थायमस ग्रंथीतून वेगळे केले होते. ते जवळजवळ सगळीकडे सापडे, म्हणून लॅटिनमधल्या ‘सर्वत्र’ या अर्थाच्या शब्दावरून त्याचे नाव पडले. अवघ्या ७६ अमिनो आम्लांचे हे प्रथिन यीस्टपासून माणसापर्यंत जवळजवळ सारखेच आहे. २००४ सालचे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक हर्श्को, चेखानोव्हर आणि रोझ यांना या कामासाठी मिळाले.

आता एका गोष्टीकडे लक्ष द्या. प्रथिन मोडले तरी त्याच्यावरचे युबिक्विटिन मोडत नाही. ते सुटून परत वापरात येते. म्हणजे जोडणारी विकरे आहेत तशी सोडवणारी विकरेही असलीच पाहिजेत. अशी काही विकरे १९८० नंतरच्या दशकात सापडलीही. पण त्यांच्याकडे पाहण्याची दृष्टी साधारणपणे भांडी घासून परत मांडणीवर ठेवणाऱ्याकडे पाहण्यासारखी होती. काम आवश्यक, पण त्यात निर्णय कसला? माणसाच्या पेशींत अशी सुमारे १०० विकरे आहेत, हे पुढे कळले. नुसती भांडी घासायला इतकी माणसे कोण ठेवील?

खूण एक, अर्थ अनेक

दरम्यान दुसऱ्या एका वाटेने दाहाचा शोध चालू होता. १९८६ साली अमेरिकेत रंजन सेन आणि डेव्हिड बाल्टिमोर हे प्रतिपिंडांचे जनुक कसे चालू होते ते तपासत होते. त्या जनुकाला चिकटणारे एक प्रथिन त्यांना सापडले. त्याचे नाव एनएफ-कप्पा-बी. लवकरच लक्षात आले की ते बहुतेक सर्व पेशींत असते, पण झोपलेले. त्याला एक रोधक प्रथिन पेशीद्रवात अडकवून ठेवते. जंतूंची चाहूल लागली किंवा टीएनएफ हा निरोप्या रेणू पेशीच्या पृष्ठभागावर येऊन बसला की रोधकावर युबिक्विटिनची खूण होते, रोधक प्रोटिअसोममध्ये मोडला जातो आणि मोकळे झालेले एनएफ-कप्पा-बी केंद्रकात शिरून दाहाची शेकडो जनुके चालू करते.

म्हणजे युबिक्विटिन दाहाच्या वाटेवर आले. पण येथे एक नवीच भानगड निघाली. युबिक्विटिनचे रेणू एकमेकांना जोडून साखळी बनते आणि ही जोडणी युबिक्विटिनमधील सात निरनिराळ्या लायसिनांपैकी कोणत्याही एकावर होऊ शकते. ४८ क्रमांकाच्या लायसिनावरून जोडलेली साखळी म्हणजे ‘मोडा’ अशी खूण. १९९५ साली यीस्टवरील प्रयोगांत दिसले की ६३ क्रमांकाच्या लायसिनावरून जोडलेल्या साखळीचे काम निराळे आहे. ती डीएनए दुरुस्तीला मदत करते. २००० साली झिजियान चेन यांच्या गटाने दाखवले की दाहाचा निरोप पुढे नेण्यासाठीही ६३ क्रमांकाची साखळीच लागते, आणि ती मोडण्यासाठी मुळीच नसते. ती एखाद्या मचाणासारखी उभी राहते. तिच्यावर निरोप नेणारी प्रथिने येऊन एकत्र बसतात आणि एकमेकांना जागे करतात.

आता सोडवणाऱ्या विकरांचे महत्त्व एकदम बदलले. साखळी हाच जर निरोप असेल, तर साखळी सोडवणारा निरोप थांबवू शकतो.

ए-२०चा शोध

निरोप थांबवणारे एक प्रथिन तोपर्यंत दहा वर्षे संशोधकांच्या समोर होते. विश्व दीक्षित हे केनियात जन्मलेले भारतीय वंशाचे संशोधक मिशिगन विद्यापीठात काम करीत होते. टीएनएफ दिल्यावर रक्तवाहिन्यांच्या अस्तरातील पेशींमध्ये कोणती नवी जनुके चालू होतात, हे त्यांचा गट शोधत होता. त्यांपैकी एकाचे वर्णन १९९० साली अँथनी ओपिपारी आणि दीक्षित यांनी प्रसिद्ध केले. त्याचे नाव ए-२०. त्याच्यात जस्ताचा अणू धरून ठेवणारे बोटांसारखे सात भाग होते, पण ते नेमके करते काय, ते कळत नव्हते. १९९२ साली त्याच गटाला दिसले की ए-२० भरपूर असलेल्या पेशी टीएनएफने सहजी मरत नाहीत. हे निरीक्षण लक्षात ठेवा. शेवटी ते परत येणार आहे.

त्याच वर्षी आणखी एक गोष्ट कळली. ए-२०चे जनुक चालू करणारे प्रथिन म्हणजे एनएफ-कप्पा-बीच. आणि १९९६ साली निरनिराळ्या गटांनी दाखवले की ए-२० हे एनएफ-कप्पा-बीला रोखते. म्हणजे दाह पेटवणारा स्वतःच विझवणाऱ्याला बोलावून घेतो. वर्गात विद्युत इस्त्रीतील तापमान नियंत्रक शिकवताना आपण जे तत्त्व सांगतो, तेच हे. इस्त्री तापली की त्या तापण्यानेच प्रवाह तुटतो.

हे सगळे काचेच्या बशीतल्या पेशींत. जिवंत प्राण्यात काय घडते? शिकागो विद्यापीठातील अ‍ॅव्हरिल मा यांच्या गटाने ए-२०चे जनुक काढून टाकलेले उंदीर तयार केले. २००० साली त्यांनी निष्कर्ष मांडला. पिल्ले जन्मली, पण त्यांच्या अनेक अवयवांत तीव्र दाह झाला, ती खंगत गेली आणि अकाली मेली. पुढे २००८ साली कळले की या दाहाला आतड्यातल्या रोजच्या, निरुपद्रवी जिवाणूंचे निरोपही पुरेसे असतात. कोणताही रोग झालेला नव्हता. रोजची बारीकसारीक ठिणगी विझवणारे कोणी नव्हते, इतकेच.

गाठींच्या रोगातून आलेला दुवा

ए-२० हे करते कसे? पहिला सुगावा प्रयोगशाळेतून न येता संगणकावरून आला. २००० साली प्रथिनांच्या अमिनो आम्लांचे क्रम एकमेकांशी ताडून पाहताना माकारोवा, अरविंद आणि कूनिन यांना फळमाशीच्या एका प्रथिनासारखा भाग ए-२०मध्ये दिसला. हा भाग प्रथिने कापणाऱ्या विकरांच्या एका नव्या कुळाचा असावा, असे त्यांनी सुचवले.

दुसरा सुगावा एका दुर्मीळ आनुवंशिक रोगातून मिळाला. काही कुटुंबांत डोक्याच्या त्वचेवर गाठीच गाठी येतात, कधी इतक्या की पागोटे घातल्यासारखे दिसते. अशा रोग्याचे वर्णन १८४२ साली अँसेल यांनी केले होते. या रोगाचे जनुक २००० साली सापडले. त्याचे नाव सीवायएलडी. आम्सटरडॅम येथील रेने बर्नार्ड्स यांच्या गटाने माणसाच्या सोडवणाऱ्या विकरांपैकी ५० विकरे एकेक करून बंद केली आणि एनएफ-कप्पा-बीवर काय परिणाम होतो ते पाहिले. सीवायएलडी बंद करताच ते बळावले. २००३ साली बर्नार्ड्स यांचा आणि आणखी दोन गटांचे निबंध एकाच वेळी ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झाले. तिघांचा निष्कर्ष एकच. सीवायएलडी ६३ क्रमांकाच्या साखळ्या सोडवते आणि दाहाचा निरोप तोडते. ते बिघडले की पेशींना जगत राहण्याचा निरोप सतत मिळत राहतो आणि गाठी वाढतात. अ‍ॅस्पिरिनच्या जातीची औषधे एनएफ-कप्पा-बीला रोखतात, म्हणून सॅलिसिलिक आम्ल गाठींवर लावूनही पाहिले गेले. काही गाठी विरल्या, पण खात्रीचा उपाय हाती आला नाही.

भांडी घासणारा म्हणून दुर्लक्षिलेला कामगार घराचा निर्णय घेत होता, हे आता उघड झाले.

सुरेख उत्तर आणि त्याची परीक्षा

२००४ साली ए-२०चे उत्तर आले. दीक्षित तोपर्यंत जेनेन्टेक या कंपनीत गेले होते. इन्ग्रिड वर्ट्झ, दीक्षित आणि सहकाऱ्यांनी दाखवले की ए-२०च्या दोन टोकांना दोन वेगळी कामे आहेत. एका टोकाने ते निरोप नेणाऱ्या प्रथिनावरची ६३ क्रमांकाची साखळी सोडवते. मग जस्ताच्या बोटांच्या टोकाने त्याच प्रथिनावर ४८ क्रमांकाची साखळी चढवते. ‘चालू’ ही खूण पुसायची आणि त्या जागी ‘मोडा’ ही खूण लिहायची. एकाच रेणूत खोडरबर आणि पेन्सिल! याहून सुंदर यंत्रणा कोण कल्पील? हे चित्र लगेच पाठ्यपुस्तकांत आणि व्याख्यानांत गेले.

या चित्राची खरी परीक्षा कशी करायची, ते विद्यार्थ्यांना विचारण्यासारखे आहे. उत्तर असे की सगळे ए-२० काढून न टाकता फक्त त्याची साखळी कापणारी जागा निकामी करायची, बाकी रेणू तसाच ठेवायचा. चित्र बरोबर असेल तर असे उंदीर ए-२० नसलेल्या उंदरांसारखेच मरायला हवेत. २०१३ आणि २०१४ साली असे उंदीर तयार झाले. ते जन्मले, वाढले आणि बऱ्यापैकी निरोगी राहिले. पेन्सिलीचे टोक मोडलेल्या उंदरांचेही तसेच झाले.

म्हणजे २००४चे प्रयोग खोटे होते का? नाही. ए-२० साखळी कापते हे खरेच आहे. पण प्राण्याचा जीव वाचवणारे मुख्य काम ते नव्हे. मग कोणते? युबिक्विटिनचे रेणू टोकाला टोक जोडून सरळ साखळीही बनते, हे २००६ साली जपानमध्ये दिसले होते. ए-२०चे सातवे बोट या सरळ साखळीला घट्ट धरते, असे २०१२ साली कळले. २०२० साली चौथे आणि सातवे अशी दोन्ही बोटे एकाच वेळी निकामी केल्यावर उंदरांना तीव्र दाह झाला. म्हणजे कापण्यापेक्षा धरून बसणे महत्त्वाचे. ए-२० साखळीवर जागा अडवते, मग बाकीच्यांना तेथे बसता येत नाही. शिवाय ए-२० नसले की पेशी मरतात, फुटतात आणि त्यांच्या सांडलेल्या मालाने शेजारी दाह भडकतो, असेही या काळातील प्रयोगांनी दाखवले. १९९२ सालचे ते निरीक्षण आठवा. ए-२० पेशींना मरणापासून वाचवते, हे तेव्हाच दिसले होते. मधली वीस-पंचवीस वर्षे ते मागे पडले, एवढेच.

माणसातले रोगी

हा सगळा उंदरांचा इतिहास म्हणून सोडून देता आला असता. पण २०१६ साली अमेरिकेतील राष्ट्रीय आरोग्य संस्थेतील संशोधकांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काही कुटुंबांतले रोगी तपासले. त्यांना लहानपणापासून तोंडात आणि गुप्तांगावर वारंवार व्रण येत, सांधे दुखत, काहींच्या आतड्यांत आणि डोळ्यांत दाह होई. जंतू सापडत नसत. त्यांच्या ए-२० जनुकाच्या दोन प्रतींपैकी एक बिघडलेली निघाली. अर्धा विझवणारा पुरेसा नव्हता.

त्याच वर्षी आणखी एक रोग ओळखला गेला. ऑट्युलिन हे विकर फक्त सरळ साखळ्या कापते. त्याच्या दोन्ही प्रती बिघडलेल्या बाळांना जन्मानंतर लवकरच ताप, त्वचेवर गाठी आणि जुलाब सुरू होत. वजन वाढत नसे. टीएनएफला रोखणारे औषध दिल्यावर अशा बाळांची प्रकृती सुधारली. कोणत्या साखळीचा कोण सोडवणारा, हा प्रश्न येथे केवळ विद्वानांचा राहत नाही. त्यावर औषधाची निवड ठरते.

मग ही विझवणारी विकरे जितकी जोरकस तितके चांगले, असे म्हणावे का? तसेही नाही. सार्स रोगाच्या विषाणूजवळ युबिक्विटिन सोडवणारे स्वतःचे विकर आहे; कोविड-१९च्या विषाणूजवळही तशाच जातीचे विकर आहे. यजमानाचा धोक्याचा निरोप त्यामुळे दाबला जातो. उलट बाजूचे उदाहरण २०१९ साली पुढे आले. डेनिसोवन या नामशेष झालेल्या मानवांकडून आलेला ए-२०चा एक थोडा मवाळ प्रकार न्यू गिनीकडील आणि आजूबाजूच्या बेटांवरील लोकांत पुष्कळ आढळतो. तो घातलेल्या उंदरांची रोगप्रतिकारशक्ती अधिक तिखट निघाली आणि एका विषाणूला त्यांनी चांगले तोंड दिले. विझवणारा फार बलवान असेल तर जंतूंचे फावते, दुबळा असेल तर स्वतःचे घर जळते. निसर्गाने या दोहोंमधली जागा ठिकठिकाणी थोडी थोडी वेगळी ठरवली आहे.

वर्गात काय सांगावे?

साखळ्यांचे क्रमांक आणि विकरांची नावे शाळेत शिकवावीत असे आम्ही म्हणत नाही. पण दोन गोष्टी या इतिहासातून वर्गात नेता येतील.

पहिली अशी. शरीरातील कोणतीही क्रिया शिकवताना ती सुरू कशी होते याबरोबरच ती थांबते कशी, हेही विचारायला लावावे. रक्त गोठते, मग सगळेच का गोठत नाही? जेवल्यावर रक्तातील साखर वाढते, मग ती उतरते कशी? गुडघा सुजतो, मग कायमचा सुजलेला का राहत नाही? ‘आपोआप’ हे उत्तर वर्गात चालू द्यायचे नाही, असा नियम केला तर मुले स्वतःच पुढचे प्रश्न काढतील.

दुसरी गोष्ट ए-२०च्या चित्राची. खोडरबर आणि पेन्सिलीची गोष्ट सांगायला सोपी, ऐकायला गोड आणि प्रयोगाने सिद्ध झालेलीही होती. तरीही ती पुरती बरोबर नव्हती, आणि हे कळले ते कोणी तरी आवडत्या उत्तराचीच कसोटी घेतली म्हणून. आपल्या पाठ्यपुस्तकातील कोणते सुरेख चित्र अजून अशा कसोटीतून गेलेले नाही? त्याची कसोटी घ्यायची झाली तर कोणता प्रयोग करावा लागेल? प्रयोग शाळेत करता आला नाही तरी चालेल. तो कसा असावा, हे दहावीच्या विद्यार्थ्यांना एका तासात वहीवर मांडायला सांगून पाहावे.